बर्फाआधी बुजवायचा खड्डा

रुमचुंग,
१८ सप्टेंबर

प्रिय आचो,

जुले. नुर्बूच्या ट्रकमधून सुखरूप पोचले. घाटावर ट्रक दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा नुर्बूने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्या पुस्तकांच्या वजनानेच पडला. तू लेहहून दिलेली साखर आणि चहा अमाला दिला. माझा बी.ए.चा कागद तिने देवघरात लोण्याच्या दिव्याशेजारी उभा केला आहे. त्यावर लोण्याचा डागही पडला. आता माझ्या पदवीला लोण्याचा वास येतो.

वासावरूनच लिहायला बसले आहे. जम्मूच्या तीन वर्षांत मी घर विसरले नव्हते, पण घराचा वास विसरले होते. हिवाळ्याची तयारी म्हणजे काय असते ते तू लेहमध्ये राहून विसरला असशील, म्हणून सांगते. अंगणात भिंतीला लागून शेणाची चळत छपरापर्यंत गेली आहे. सलगमाची पानं दोरीवर अर्धी सुकली, अर्धी कुजली. मेंढीची कातडी आंबट ताकात भिजत घातली आहे, त्यावर माश्या. आणि आपला दुमजली, बिनपाण्याचा संडास! खालच्या खोलीतलं वर्षभराचं खत उपसून शेतावर टाकायचं आणि जमीन गोठायच्या आत वरच्या खोलीत माती भरून ठेवायची, हे काम या वेळी अमाने माझ्यावर सोपवलं. खत सुकलेलं असतं, मातीच असते ती, असं ती म्हणते. मी पहिली टोपली उचलली आणि भिंतीमागे जाऊन ओकले. अमा हसत म्हणाली, "तीन वर्षं पुस्तकं खाल्लीस, आता बाहेर काढतेयस."

संध्याकाळी मी चढावर जाऊन तुझं पाहुणेघर पाहून आले. आचो, मला खरंच माझ्या भावाचा अभिमान वाटला. पांढऱ्या फरश्या, भिंतीत नळ, साखळी ओढली की सगळी घाण डोळ्यांसमोरून नाहीशी. मी तीनदा साखळी ओढून पाहिली. पुढच्या वर्षी गावातल्या प्रत्येक घरात असा संडास हवा, असं मी ठरवलं आहे. त्यासाठी अर्ज करणार आहे. माणसांनी आपल्याच घाणीत हात घालून का जगायचं?

आता एक वाईट बातमी. झऱ्याच्या पाण्याला वास येतो आहे. उन्हाळ्याच्या शेवटी सुरू झाला, आता चहातसुद्धा लागतो. निम्म्या गावाची पोटं बिघडली. तुला माहीत आहे, एकदा थंडी पडली की पाट गोठतो, ओढा गोठतो, वाहतो तो फक्त झरा. गावाने लगेच दोषी शोधला: डिस्केत आने. तिच्या सुनेला मुलगी झाली. बाळंतिणीच्या घरच्यांनी महिनाभर झऱ्याला हात लावायचा नसतो. आने महिना संपायच्या आत पाण्याला गेली. म्हणजे झऱ्यातला नाग कोपला! गावप्रमुख म्हणून गोबा मेमे फुंचोक यांनी तिला झऱ्यावर बंदी घातली आहे, वसंतात नागाची पूजा होईपर्यंत. तिने हिवाळाभर नदीवर उतरून बर्फ फोडायचं. गुडघे दुखणारी म्हातारी, ओली बाळंतीण आणि तान्हं पोर. मुलगा सैन्यात, सीमेवर. मला या लोकांची शिसारी येते.

पण खरं सांगू? मला वाटतं तिने बाळाची दुपटी झऱ्यातच धुतली असणार. नाग वगैरे नाही, पण जंतू असतातच ना. मी तिच्याकडे जाऊन बराच वेळ समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं का बोलून, शिकलेल्या पोरी? मग ती ताकाची बरणी इकडे सरकव."

तिच्यासाठी तू गोबांना दोन शब्द लिहिशील का? तुझं ऐकतात ते.

तुझी,
कुन्झेस


लेह,
२७ सप्टेंबर

प्रिय नोमो,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो. ओकलीस काय! इथे माझ्या टेबलावर दिल्लीच्या कंपनीचं पत्रक आलंय, त्यात आपल्या पाहुणेघराचा फोटो आहे. खाली लिहिलंय: 'हिमालयातील निर्मळ झरा आणि आधुनिक सोयी.' आधुनिक सोयी म्हणजे तू तीनदा ओढलीस ती साखळी. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीचा मालक स्वतः येऊन पाहणार आहे. त्याला पसंत पडलं तर अशी आणखी तीन घरं बांधायची. तुला आपल्याच गावात नोकरी मिळेल. पाहुण्यांशी इंग्रजीत कोण बोलणार? अमा? ती उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या जर्मनाला "खा रे बाबा, हाडं दिसतायत तुझी" म्हणत होती, तो मान हलवत सत्तू खात होता.

आता पाहुणेघर थंडीसाठी बंद करायचं. अमाला जमणार नाही, तूच कर. टाकीतलं सगळं पाणी संडासातून सोडून दे, नाहीतर पाइप फुटतील. नळांना पोती गुंडाळ. खिडक्यांना प्लास्टिक ठोक. नुर्बूबरोबर निळ्या औषधाची मोठी बाटली पाठवतो, भांडं त्याने घासायचं. काटकसर करू नकोस, सगळी ओत, वसंतात वास राहायला नको. आणि संडासाच्या मागच्या खड्ड्यावर चांगली माती टाकून, फरशी बसवून बुजवून टाक. बर्फ पडायच्या आत. तो उघडा राहिला तर गुरं पडतील. मजूर लावू नकोस, उगाच चार लोक तिथे डोकावतील आणि काहीबाही बोलतील. तूच कर.

डिस्केत आनेचं वाईट वाटलं. पण गावच्या गोष्टीत तू पडू नकोस. आत्ताच आलीयस, लगेच पुढारी होऊ नकोस. मी थोडे तांदूळ पाठवतोय, तिला दे. माझं नाव सांग.

तुझा आचो,
थिनलेस


रुमचुंग,
६ ऑक्टोबर

आचो,

तांदूळ पोचले. अजून दिलेले नाहीत. हे पत्र वाचून तूच सांग की ते कसे देऊ.

खड्डा सोडून तुझी बाकी कामं केली. परवा दुपारी बाटली ओतली, भांडं घासलं, टाकी पूर्ण रिकामी केली. औषधाला लिंबाचा उग्र वास होता. हाताला रात्रीपर्यंत येत होता. त्यानंतर प्लास्टिक ठोकत बसले. खड्डा बुजवायचं दुसऱ्या दिवशी करू म्हटलं.

काल सकाळी झऱ्यावर गेले तेव्हा सगळ्या बायका कडेला दगडासारख्या उभ्या होत्या. कुणीच कळशी बुडवत नव्हतं. पाणी निळं होतं. गडद नाही, दुधात निळीचा थेंब पडावा तसं, आणि दगडांच्या कडेने फेस.

"नागाचं विष," यांगझोम म्हणाली. तिने शालीचा पदर तोंडावर घेतला होता. "माझ्या आजीने सांगितलं होतं, नाग फार चिडला की विष ओकतो."

"डिस्केतला बंदी केली तरी ऐकत नाही तो," मागून कुणी म्हणालं.

"बंदी केली म्हणूनच चिडला असेल," दुसरी कुणी म्हणाली. "अर्धवट शिक्षा केली. तिला गावातूनच काढायला हवं होतं."

मी खाली वाकले. आचो, विषाला लिंबाचा वास येत होता.

मी तिथेच खाली बसले. सगळ्यांना वाटलं मी घाबरले. यांगझोमने पाठीवरून हात फिरवला. "बस, पोरी, बस. आता नुसतं जंतू जंतू म्हणू नकोस." लिंबाच्या वासाचं मी कुणालाच सांगितलं नाही. तिथून चढावर गेले आणि तुझ्या खड्ड्यात डोकावले. खाली वाळूखडी आहे. टाकीभर पाणी मी एका दुपारी सोडलं होतं, तरी तळाशी एक डबकंही नव्हतं. नुसता काळा, चिकट गाळ. त्या खड्ड्याच्या कडेला उभं राहिलं की खाली झऱ्याभोवतीची विलोची झाडं दिसतात. सरळ खाली.

उन्हाळाभर तुझ्या पाहुण्यांनी साखळी ओढली. उन्हाळाभर ते आमच्या चहात आलं. आमच्या ताकात. देवघरातल्या पाण्याच्या वाट्यांत. ओली बाळंतीण ते प्याली आणि तिला हगवण लागली, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, नाग तिच्याच घरावर उठला.

आणि दुपट्यांचं मी बोलले होते. तिच्या उंबऱ्यावर उभी राहून.

संध्याकाळी गोबांच्या घरी सगळे जमले. ठरलं की आनेने बर्फ पडायच्या आत गाव सोडावं. लेहला किंवा खाली दुसऱ्या गावात, कुठेही. सून आणि बाळासकट. नागाची पूजा झाली की परत या म्हणाले. पण तोवर तिच्या गाई कोण पाहणार, छपरावरचं बर्फ कोण काढणार? हिवाळाभर रिकामं राहिलेलं मातीचं घर वसंतात उभं राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

मला सांग की मी चुकते आहे. मिस्तरीने खड्ड्याला सिमेंट केलं होतं आणि ते फुटलं, असं काहीतरी सांग. तुला माहीत नव्हतं, असं सांग. नुर्बू दहा तारखेला निघेल, त्याच्या हाती हे पत्र देते. तो परत येताना त्याच्याजवळ उत्तर दे. मग मी गोबांकडे जाऊन दोघांच्या वतीने बोलेन.

कुन्झेस


लेह,
१४ ऑक्टोबर

कुन्झेस,

आधी शांत हो. हे पत्र जाळून टाक.

मिस्तरी तेव्हा म्हणाला होता की खाली खडी आहे, पाणी जिरून जाईल. मी म्हटलं, जिरू दे, चांगलंच आहे, उपसायला नको. आता जमिनीत पाणी कुठून कुठे जातं हे कुणाला दिसतं? तूही तीनदा साखळी ओढून खूष झालीस ना? तेव्हा ती घाण कुठे गेली, हे विचारलंस का?

आता ऐक. थंडी पडली की सगळं गोठेल. खड्डा गोठेल, वरून काही येणारच नाही. झरा आपोआप साफ होईल. वसंतात मी येऊन पक्की सिमेंटची टाकी बांधतो. कुणाला काही कळायचं कारण नाही. नागाची पूजा होऊ दे, खर्च मी देतो, मोठी करा. आने लेहला आली तर तिची खोलीची सोय मी करतो. बाजाराच्या मागे एक खोली आहे, थोडी ओल आहे, पण चालेल. तिच्या गाई अमा बघेल. सगळ्यांचंच भलं होईल.

आणि तू गोबांकडे जाऊन बोललीस तर काय होईल ते सांगतो. कंपनीचा मालक येणार नाही. पत्रकातला फोटो जाईल. पाहुणेघराचे पत्रे गुरांच्या गोठ्याला लागतील. मी लेहमध्ये तोंड दाखवू शकणार नाही. आनेला काय मिळेल? 'चुकलो' एवढा एक शब्द. तो तिला मी खाजगीत म्हणेन.

तुझ्या पदवीला लोण्याचा वास येतो म्हणालीस. नीट वास घे. तीन वर्षं तुझी फी त्याच पाहुण्यांच्या पैशांतून गेली. आणि हा खड्डा तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस तेव्हाच खणला होता.

खड्डा बुजव. बर्फाआधी.

थिनलेस


रुमचुंग,
२१ ऑक्टोबर

बाळा थिनलेस,

हे शब्द माझे आहेत, अक्षर कुन्झेसचं. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिही, आपल्या पदरचं घालू नकोस. ती नाक मुरडून बसलीय. तीन दिवस माझ्या हातचं खात नाही. म्हणते, "किळस येते." मी म्हटलं, तुमची ढुंगणं धुतली तेव्हा मला आली नाही ती किळस. तर म्हणते, "तेव्हा आली असती तर बरं झालं असतं, घाण कुठे जाते ते तरी बघितलं असतंस." बघ काय जीभ झालीय. हे पण लिहून घेतलंन.

तर ऐक. मला माहीत होतं. कुन्झेसच्या आधी, गावाच्या आधी. जुलैपासून. संडास मी आयुष्यभर उपसले, एका घरातून वर्षाला किती निघतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या पाहुण्यांचं उन्हाळाभरचं, आणि खड्डा भरेचना. कुठे जात होतं? मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी स्वतःला म्हटलं, चांगला खड्डा आहे. पोराने चांगला बांधलाय. असं रोज म्हणत राहिले.

दुसरं पण लिही, कुन्झेस, थांबू नकोस. डिस्केतचं घर आणि आपलं घर एक फस्पुन आहे. मरण त्यांच्याकडे झालं तर आपण धावायचं, आपल्याकडे झालं तर त्यांनी. तुझ्या बापाला शेवटची अंघोळ कुणी घातली? डिस्केतच्या नवऱ्याने. कुणी हात लावायला तयार नव्हतं, ताप होता तो, चिकटेल म्हणून. त्याने लावला. तिची सून बाळंत झाली तेव्हा महिनाभर पाणी आणून द्यायचं काम माझं होतं, फस्पुनचं. मी पहिले दिवस नेलं. मग तुझे अठरा पाहुणे एकदम आले. सकाळी त्यांना गरम पाणी, दुपारी गरम पाणी. मी गेले नाही. तिने वाट पाहिली आणि मग स्वतः गेली. गावासमोर तिने माझं नाव घेतलं नाही. मी पण नाही घेतलं.

काल ती आली होती. अंगणात मी गाजरं पुरायला खड्डा करत होते. ती दगडावर बसली. बाळ पाठीला. खिशातून किल्ली काढली आणि म्हणाली, "नुर्बूच्या पुढच्या खेपेला निघते गं. माझ्या देवघरात रोज एक दिवा लाव. फस्पुन आहेस, दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

मी म्हटलं, "ठेव तिथे."

"हातात घे ना. तुझे हात काय मातीचे आहेत?"

हाताला माती होतीच. पण मला ती किल्ली हातात घेववेना. मी म्हटलं, "डिस्केत, तू जाऊ नकोस."

ती हसली. "तू सांगतेस होय? मग गोबाला पण सांग."

एवढंच म्हणाली. मी किल्ली घेतली नाही. ती परत खिशात टाकून गेली.

बाळा, तू ये. लेहमध्ये बसून लिहितोस, तसं नको. इथे ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि सांग. तू बोललास तर मला बोलावं लागणार नाही. म्हातारीवर एवढी दया कर. मी नुर्बूची वाट पाहीन. तो आला आणि तू त्याच्या ट्रकमध्ये नसलास, तर मी तुझा खड्डा बुजवणार नाही. उपसणार.

नीट खात जा. लोकरीचा कुडता पाठवतेय.

अमा


रुमचुंग,
४ नोव्हेंबर

आचो,

नुर्बू आला. तू नव्हतास. कुडता मिळाला, छान बसला, असं तू त्याच्याजवळ सांगितलंस. तेही त्याने अमाला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि टोपली घेऊन चढावर गेली.

मीही गेले. तिने सांगितलं नव्हतं.

खड्ड्यात काय होतं ते लिहिणार नाही असं ठरवलं होतं. पण तू त्यावर चहा-बिस्किटं विकलीस, म्हणून लिहिते. पाणी जिरून गेलं होतं, उरलेलं काळं, लिबलिबीत आणि जिवंत होतं. पाहुण्यांचे कागद, कसल्यातरी रबराच्या पिशव्या, तुझ्या पत्रकाचा एक तुकडा. अमा आत उतरली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तू उतरलीस तर ओकशील आणि माझं काम वाढेल." ती खालून भरायची, मी वर ओढून पाठीवर घ्यायचे. टोपली गळत होती. पाठीवरून गरम काहीतरी वाहत होतं आणि थंडी असूनही मला ते गरम लागत होतं याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटली.

शेतावर जायला दोन वाटा आहेत. एक मागून, कुणी पाहत नाही. अमाने मला पुढची वाट दाखवली. सगळ्या गावातून, झऱ्याच्या कडेने, प्रत्येक घरासमोरून. पहिल्या टोपलीला मुलं हसली. दुसऱ्या टोपलीला दारं उघडली. यांगझोम नाक दाबून ओरडली, "काय हे, कुन्झेस? बर्फ पडायला आलं, आता संडास उपसता?"

"आमचा नाही," मी म्हटलं. "पाहुण्यांचा."

"तो तर नवीन आहे ना? साखळीचा?"

"हो. त्याचंच तुम्ही उन्हाळाभर पीत होता."

ती मग रस्त्याच्या कडेला गेली आणि थुंकली. पुन्हा थुंकली. थांबेचना.

दुपारपर्यंत सगळं गाव झऱ्यावर होतं. अमा तशीच आली, गुडघ्यापर्यंत काळी. मेमे फुंचोक म्हणाले, "आधी अंग धुऊन ये." ती म्हणाली, "कुठल्या पाण्याने, मेमे?" मग सगळं सांगितलं. खड्डा, निळं औषध, बाळंतिणीला न नेलेलं पाणी. तुझं नाव तिने एकदाच घेतलं. माझं मी घेतलं. दुपट्यांचंही सांगितलं.

गोबांनी फार वेळ विचार केला नाही. तेच शिक्षेचे शब्द, फक्त घर बदललं. "हे घर वसंतापर्यंत झऱ्यावर येणार नाही. नदीवर जावं." सगळ्यांनी माना हलवल्या. त्याच माना, आचो, ज्या आनेच्या वेळी हलल्या होत्या. तेव्हाही कुणी खड्ड्यापर्यंत चढून पाहिलं नव्हतं, आताही कुणाला पाहायचं नव्हतं. नाग कुणावर तरी कोपला की त्यांचं काम झालं. मला त्यांचाही वीट आला.

डिस्केत आने मागे बसली होती. ती उठून पुढे आली.

"नदीवर कशाला?" ती म्हणाली. "नदीचं पाणी स्वच्छ आहे. यांना स्वच्छ पाणी कशाला द्यायचं?"

कुणाला कळेना.

"बंदी नको. यांनी इथेच भरायचं. रोज सकाळी, सगळ्यांच्या आधी. आणि पहिला पेला इथेच उभं राहून प्यायचा, आमच्यासमोर. वास जाईपर्यंत."

"उकळून, आने," मी म्हटलं. "निदान उकळून."

तिने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या सुनेला कुणी उकळून दिलं? तुला जंतू माहीत होते ना, पोरी? मग त्यांनाच सांग, आता आम्हाला चावू नका म्हणून."

गोबांनी विचारलं, "मंजूर?" अमा म्हणाली, "मंजूर."

आनेने गाव सोडलं नाही. काल तिच्या छपरावर आम्ही विलोच्या फांद्या रचल्या, तिच्या भिंतीला शेण लावलं. ती आमच्याशी बोलत नाही. फांदी वाकडी पडली की काठीने दाखवते. तुझे तांदूळ तिने कोंबड्यांना घातले.

आता सकाळचं सांगते. अजून अंधार असतो. सगळे जमतात, यायची गरज नसलेलेही. पाणी आधीपेक्षा बरं आहे, पण वास आहे. कुजलेल्या अंड्याचा, आणि त्याच्या मागे अजून लिंबाचा. पहिल्या दिवशी अमाने पेला दोन्ही हातांत धरला आणि एका दमात संपवला. मग मी प्याले. घशाखाली उतरलं ते परत वर आलं, ते मी पुन्हा गिळलं. ओकले असते तर परत प्यावं लागलं असतं.

मग आने म्हणाली, "आणि तिसरा?"

आम्हाला कळलं नाही.

"घर म्हणजे तिघं. ज्याचा खड्डा त्याचा पेला कुठे आहे?"

गोबा म्हणाले, "तो इथे नाही."

"पाणी तर इथे आहे," आने म्हणाली.

अमाने पेला पुन्हा बुडवला. "त्याचा मी पिते," ती म्हणाली, आणि प्याली.

रोज ती दोन पिते. मी तुझा प्यायला पुढे झाले तर तिने माझा हात झटकला. परवापासून तिचं पोट बिघडलं आहे. काल ती भिंत धरत झऱ्यापर्यंत आली. आज सकाळीही आली आणि दोन्ही प्याली. आने तिच्याकडे पाहत होती, पण 'पुरे' म्हणाली नाही. मीही तिला तसं म्हणायला सांगणार नाही.

घाटावर अजून बर्फ पडलेलं नाही. नुर्बू उद्या लेहला निघतोय, ही शेवटची खेप नाही, अजून एक आहे. परत येताना पुढची जागा त्याने दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही असं मी सांगितलं आहे.

कुन्झेस